वीज पडलेलं झाड

मनाच्या आजारावरचं चित्र म्हटलं की निष्पर्ण झाड हटकून येतं. डोक्याच्या जागी फांद्या, खाली गळणारी पानं. माझी तक्रार एवढीच की ते झाड कुठलंच नसतं. ना बाभळीचं, ना सावरीचं. ते दुःखाची पाटी म्हणून उभं केलेलं असतं.

झाडावरून मन वाचण्याची हौस जुनी आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल कोख यांनी १९४९ मध्ये वृक्षचाचणी मांडली. कागदावर फळझाड काढायचं आणि त्यावरून स्वभाव ओळखायचा. खोडावरच्या ढोलीत जुना आघात शोधणारेही निघाले. अशा चाचण्यांच्या विश्वासार्हतेवर पुष्कळ टीका झाली, ती मला रास्त वाटते. खऱ्या खोडांनाही ढोल्या असतातच.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं उदाहरण मला याहून मोलाचं वाटतं. मे १८८९ मध्ये तो आपणहून फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला. तिथली बाग त्याने त्या वर्षअखेरीस रंगवली. पुढ्यातच एक प्रचंड खोड आहे: वीज पडलेलं, करवतीने कापलेलं. पण बाजूची एक फांदी उंच चढते आणि तिथून गडद हिरव्या सुया खाली झुकतात. चित्रकार मित्र एमील बेर्नारला लिहिलेल्या पत्रात त्याने या झाडाला मानभंग झालेल्या गर्विष्ठ माणसाची उपमा दिली. लगेच रंगांचा हिशेबही सांगितला. तांबडा गेरू, करड्याने उदास केलेला हिरवा आणि भोवतीच्या काळ्या रेषा एकत्र आल्या की सोबतच्या काही रुग्णांना छळणारी घालमेल उमटते. 

हे वाचल्यावर त्या चित्राला आजाराचा उद्रेक म्हणणं मला जमत नाही. इथे एक कारागीर दुसऱ्याला आपली रीत समजावतो आहे. बेर्नार तेव्हा बायबलमधले प्रसंग कल्पनेने रंगवत होता. व्हॅन गॉगचं म्हणणं असं की वेदना दाखवायला येशूच्या यातनांची गेथसेमनीची बाग लागत नाही. समोरची बाग पुरते. त्याची वेदना खरी होतीच, पण ती चित्रात उतरली त्या खोडाकडे नीट पाहिल्यामुळे.

त्याचं शेवटचं मानलं जाणारं ‘झाडांची मुळं’ हे जुलै १८९० मधलं चित्र. निळी, पिवळी, एकमेकांत अडकलेली मुळं. कित्येकांना त्यात निव्वळ अमूर्त गुंता दिसे. २०२० मध्ये एका जुन्या पोस्टकार्डावरून ती जागा सापडली: ओव्हेर गावातल्या रस्त्याकडेची दरड, तिथे तो शेवटी राहत होता त्या खानावळीपासून थोड्याच अंतरावर. त्यातलं एक खोड अजून ओळखता येतं.