सिगारेट सोडण्याचे कारण

साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर पहाटे धावणाऱ्या मुलांपैकी कित्येकांना पोलीस वा सैन्यभरतीचे वेध लागलेले असतात. सोळाशे मीटर वेळेत धावायचे आहे आणि धाप लागते, एवढ्या कारणाने त्यांच्यातला एखादा सिगारेट सोडतो. सांगलीत शिकणारा दुसरा एखादा, बहिणीने शर्टाचा वास घेऊन, त्याच्याकडे एकवार पाहून, तो मुकाट्याने धुण्यात टाकला म्हणून थांबतो. कर्करोगाच्या भयाने सोडणारे विद्यार्थी आम्हांस क्वचितच आढळले. २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापला आहे. परंतु बंदी असूनही मुले सुटीच सिगारेट घेतात, आणि ते भीषण चित्र टपरीवाल्यापाशीच राहते!

अशा किरकोळ कारणांनी घडलेल्या त्यागाला नैतिक मोल आहे काय? धावण्यासाठी सोडणारा भरती झाल्यावर पुन्हा झुरका घेईल. उपवासकाळात चाळीस दिवस सिगारेट वर्ज्य करून पुनरुत्थानाच्या रविवारी ती पेटविणारे आपल्यातही आहेत. तरीही ख्रिस्तसभेने हलक्या हेतूंना तुच्छ लेखलेले नाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ साली, शिक्षेच्या भयातून उपजलेला अपूर्ण पश्चात्तापही देवाचे दानच होय, असे शिकविले. मात्र त्यात पापाची इच्छा उरता कामा नये, ही अट घातली. सिगारेटच्या बाबतीत नेमकी हीच अट कठीण, कारण निकोटीन इच्छेलाच बांधून ठेवते. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकलेले. श्रद्धेच्या प्रांतात त्यांचे आमचे जुळणारे नव्हते. पण व्यसनात अडकलेल्याला उपदेशापेक्षा उपचार व सोबत हवी, हे त्यांनी साताऱ्यात उभारलेल्या ‘परिवर्तन’ केंद्राच्या कार्यातून आम्हीही शिकलो.

सोबत म्हटले की गांधीजींचे बालपण आठवते. बिडीसाठी त्यांनी नोकरांचे पैसे चोरले होते. पुढे पंधराव्या वर्षी भावाच्या कड्यातले सोने चोरले, तेव्हा कबुलीची चिठ्ठी लिहून ती आजारी वडिलांच्या हाती दिली. वडिलांचे डोळे भरून आले. त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. शिक्षा झाली नाही. आपल्या घरी अशी चिठ्ठी कोण कोणाला देणार? बडीशेप चघळत मुलगा उंबरठा ओलांडतो, आणि आम्ही वडीलधारे वास आलाच नाही असे दाखवितो. सांगलीच्या त्या बहिणीने निदान, आपल्याला कळले आहे, हे त्याला कळू दिले.