शेवटच्या नळाचं पाणी

सकाळी नळाच्या पाण्याला कधी औषधाचा वास येतो. ‘आज टीसीएल जास्त पडलंय’ म्हणत आपण हंडा भरतो. गावाची तब्येत सांभाळणारी ही पांढरी भुकटी समजून घ्यायला हवी.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. पाण्यात तिच्यापासून हायपोक्लोरस आम्ल बनतं. ते समोर येईल त्याचे इलेक्ट्रॉन ओढून घेतं, आणि त्यातच जंतू मरतात. पण ते फक्त जंतूंवर खर्च होत नाही. गाळ, शेवाळ, पालापाचोळा, सगळेच आपापला वाटा घेतात. म्हणून पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याला मात्रा वाढवावी लागते आणि काम व्हायला निदान अर्धा तास द्यावा लागतो.

खरं तर ही भुकटी पोत्यातच झिजू लागते. ताजी असताना तिच्यात सुमारे ३३ टक्के उपयोगी क्लोरीन असतो. ऊन आणि दमट हवा तो हळूहळू उडवून लावतात. जळगाव, नशिराबाद, भुसावळ या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढतो. तिथे पत्र्याच्या खोलीत उघडं राहिलेलं पोतं पावसाळा येईतो निकामी होऊ शकतं. वजन भरतं, पण गुण उरत नाही.

म्हणून ‘किती टाकलं’ यापेक्षा ‘किती उरलं’ हा प्रश्न मोठा. पूर्वी पटकीच्या साथीत विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकत. गुलाबी छटा काही तास टिकली, तर मात्रा पुरली असं धरत. आज क्लोरीन उरलाय का हे कळायला पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे थेंब टाकून पाणी पिवळं होतं का, ते पाहतात. पिण्याच्या पाण्याचं आपलं भारतीय मानक सांगतं, नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. फुटक्या जलवाहिनीतून वाटेत घाण शिरली, तर तिच्याशी झुंजायला तेवढाच असतो.

ही तपासणी टाकीजवळ करून भागत नाही. ती शेवटच्या नळावर व्हायला हवी, आणि तो नळ बहुधा गावकुसाजवळच्या, कमी बोलणाऱ्या वस्तीत असतो. गावाच्या भल्यासाठी केलेल्या प्रत्येक कामाची परीक्षा तिथेच होते. मधल्या चौकात पोचलेलं भलं अर्धंच. पुढच्या ग्रामसभेत आपल्या घरच्या पाण्याबद्दल जरूर विचारा. पण त्याआधी शेवटच्या घरी आज पाणी कसं आलं, ते विचारा.