सख्य आणि विचारपूस

ज्यांचें शील व व्यसन समान, त्यांचेंच सख्य जमतें, असें आपले सुभाषितकार सांगतात. हें वचन आम्ही १९१३ सालच्या एका पत्राला लावून पाहतों. मद्रासच्या बंदर-कचेरींतील कारकून रामानुजन् यांनीं तें केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांस लिहिलें. एक कर्मठ वैष्णव ब्राह्मण, एफ. ए.च्या परीक्षेंत नापास झालेले. दुसरे ट्रिनिटी कॉलेजांतले नामांकित पंडित, देव न मानणारे. व्यसन तेवढें एक, गणिताचें! १९१४ सालीं रामानुजन् तिकडे गेले, व उभयतांचें काम जगन्मान्य झालें.

परंतु एक गोष्ट आमच्या मनास बोंचते. त्या थंडींत रामानुजन् रात्रीं ओव्हरकोट घालून कुडकुडत. बिछान्यावर ब्लँकेटें नीट खोंवलेलीं होतीं. पण त्यांच्या आंत शिरून निजावयाचें असतें, हें त्यांना ठाऊकच नव्हतें. तें दाखविलें महालनोबिस या बंगाली विद्यार्थ्यानें. मग हार्डींचें सख्य उणें म्हणावें काय? आम्हांस तसें म्हणवत नाहीं. दुसऱ्याच्या खोलींत डोकावूं नये हा त्यांचा शिष्टाचार. आपली अडचण वडीलधाऱ्यांपुढें बोलूं नये हा आमचा. दोन विनयांच्या मध्यें तो बिछाना थंडच राहिला.

पुढें रामानुजन् पटनी येथें आजारी असतां हार्डी समाचारास गेले. आपण आलों त्या टॅक्सीचा क्रमांक १७२९, अगदींच नीरस, असें ते म्हणाले. छे, दोन घनांची बेरीज म्हणून दोन रीतींनीं मांडतां येणारी ती सर्वांत लहान संख्या, असें रोग्यानें उत्तर दिलें.