वळणाला लागणारी जागा

दिवाळीच्या दिवसांत आपल्याकडे दारोदारी किल्ले उभे राहतात. दगडविटा रचायच्या, वर ओली माती लिंपायची, हळीव पेरायचे, पायऱ्यांवर मावळे मांडायचे आणि सर्वांत वर महाराजांना बसवायचे. या किल्ल्यांत मावळा बुरुजाएवढा असतो आणि तळ्यातले बदक तोफेहून मोठे असते. पण म्हणून कोणी आईबाप हातात पट्टी घेऊन मुलाला जाब विचारीत नाहीत. ते योग्यच आहे. किल्ला करणारे मूल 'रायगड असा आहे' असे म्हणतच नसते. 'मला रायगड असा वाटतो' एवढेच ते म्हणत असते. भक्तीला प्रमाणाची गरज नसते.

मग प्रमाणाची गरज असते कोणाला? ज्याने 'हे खऱ्यासारखे आहे' असा शब्द दिला, त्याला. तो शब्द कुठवर पाळायचा, आणि न पाळल्याने कोणाचेच बिघडत नसेल तरीही पाळायचा का, हा प्रश्न मला गेले वर्षभर सतावतो आहे. निमित्त तसे क्षुल्लक आहे: घरात मांडायच्या छोट्या आगगाडीचे वळण.

हा छंद मूळचा युरोप-अमेरिकेतला. जपानातही तो फार रुजला. आपल्याकडे त्याचे भोक्ते थोडे. तरी पुण्यात भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोक कौतुकाने पाहत आले आहेत. यात निरनिराळी प्रमाणे असतात. एक सर्वपरिचित प्रमाण म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. त्याहून लहान म्हणजे एकशेसाठावा भाग. न्यूरेंबर्गच्या आर्नोल्ड कंपनीने १९६२ च्या सुमारास त्याचा पाया घातला, आणि त्यात दोन रुळांमधले अंतर अवघे ९ मिलिमीटर असते. डबा, इंजिन, स्टेशन, सिग्नल, हमाल, सारे काही या प्रमाणात हुबेहूब करता येते. अडते ते फक्त एका ठिकाणी. गाडीला वळावे लागते, आणि वळणाला जागा लागते.

हिशेब साधा आहे. आपल्या रेल्वेच्या रुंद मार्गावर तीव्रात तीव्र वळण दहा अंशांचे, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचे. याचा एकशेसाठावा भाग काढला तरी त्रिज्या १ मीटर ९ सेंटिमीटर भरते. म्हणजे गाडीने नुसते तोंड फिरवायचे म्हटले तरी सव्वादोन मीटर रुंदी हवी. दुकानात जे तयार गोल रूळ मिळतात, त्यांची त्रिज्या पुष्कळदा २५ सेंटिमीटरच्या आसपास असते. ती खऱ्या मापात नेली तर ४० मीटर होते! अडीच फुटी अरुंद मार्गासाठी आपल्याकडे ४४ मीटरची मर्यादा आहे. म्हणजे दिल्लीला जाणारी भरधाव एक्स्प्रेस आपण अरुंद मार्गाच्या या मर्यादेहूनही आवळलेल्या वळणावरून फिरवीत असतो.

आमच्या गल्लीत एक गृहस्थ राहतात. रूळ सांभाळणाऱ्या खात्यात त्यांनी तीस वर्षे काढली. वळण नीट आहे की नाही हे पाहण्याची त्यांची रीत म्हणजे वीस मीटरची दोरी रुळाच्या कडेला ताणायची आणि मध्यावर दोरी आणि रूळ यांत किती अंतर पडते ते मोजायचे. निवृत्तीनंतर त्यांनी दहा बाय बाराच्या खोलीत ही छोटी गाडी मांडायला घेतली. विकतच्या चाकांवर पुठ्ठ्याचे डबे ते स्वतः चढवतात. मी शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून डब्यांच्या रंगाविषयी विचारायला त्यांनी मला बोलावले, आणि मी जात राहिलो.

"मास्तर, दुकानातला गोल लावला तर गाडी उद्या संध्याकाळी धावेल," ते एकदा म्हणाले.

"मग लावा की!"

"लावला असता. पण तीस वर्षे मी ज्या वळणाला दोरी लावली, ते वळण हे नव्हे."

त्यांचा नातू तिथेच होता. तो म्हणाला, "पण आजोबा, गाडी पडत नाही ना? मग झालं तर!"

पोराचे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. विज्ञानही त्याच्याच बाजूचे आहे. खरी गाडी वळणावर बाहेर फेकली जाऊ पाहते, म्हणून बाहेरचा रूळ उंच ठेवतात, वेगाला मर्यादा घालतात, वळण मोठे घेतात. ही मर्यादा मोडली तर माणसे मरतात. पण गाडी एकशेसाठपट लहान केली आणि वेगही त्याच मानाने उतरवला, की तासाला शंभर किलोमीटर धावणारी गाडी सेकंदाला सतरा सेंटिमीटर चालू लागते. तो बाहेर फेकणारा जोर मग इतका घटतो, की दुकानातल्या त्या आवळलेल्या गोलावरसुद्धा तो खऱ्या गाडीला ८७५ मीटरच्या ऐसपैस वळणावर जाणवणाऱ्या जोराच्या सातव्या भागाएवढाच भरतो. पृथ्वीचे ओढणे मात्र तेवढेच राहते. थोडक्यात, लहान गाडीने लबाडी केली तर निसर्ग तिला शिक्षा करीत नाही.

आणि इथेच प्रश्न नैतिक होतो. खरा रूळ टाकणारा माणूस प्रामाणिक असतो, त्यात भीतीचाही वाटा असतो. पण जिथे अपघात नाही, चौकशी नाही, दंड नाही, तिथे माप का पाळावे?

पाहणाऱ्याची फसवणूक होते म्हणून, असे उत्तर देता येईल. पण ते पुरेसे नाही. पाहायला येणाऱ्यांत शेजारच्या बायका, दूधवाला आणि मी. आम्हांला त्रिज्या कळत नाही. तरीही एक गंमत मी पाहिली. त्यांनी जमिनीवर एकदा दोन्ही वळणे मांडून दाखवली. आवळलेल्या वळणावर डब्यांचे कोपरे बाहेर आले, दोन डब्यांमध्ये फट पडली, आणि गाडी एकदम खेळणे दिसू लागली. मोठ्या वळणावर तेच डबे एकामागून एक असे वळले, की माझी मान आपोआप त्यांच्याबरोबर फिरली. कारण न कळताही डोळ्याला खरे कळते. पण डोळ्यालाही न कळले असते तर? तरीही त्या गृहस्थांनी मापच पाळले असते, असे मला वाटते. कारण शब्द त्यांनी आम्हांला दिलेला नव्हता. तो त्या तीस वर्षांना दिलेला होता.

आता कोणी म्हणेल, पूर्ण खरेपणा तरी कुठे साधतो? बरोबर आहे. आपल्या रुंद मार्गाचे माप एकशेसाठने भागले तर साडेदहा मिलिमीटर येते. विकतचा रूळ नऊचा. चोवीस डब्यांची गाडी या प्रमाणात साडेतीन मीटरची होईल. खोलीची आखूड भिंतही तिला पुरायची नाही. चारी कोपऱ्यांत खरी वळणे घेतली तर त्या आखूड भिंतीवर सरळ रुळाला तीन फूटही उरत नाहीत. तेव्हा काहीतरी सोडावेच लागते. माणसाचा कस काय सोडतो यावरून लागतो. त्यांच्या पहिल्या नकाशात जंक्शन होते, इंजिनाची शेड होती, दोन स्टेशने होती. ती एकेक करून गेली. गाडी आठ डब्यांची झाली. उरले एक लहानसे स्टेशन आणि लांब भिंतीवरून कोपऱ्यात जाणारे एक मोठे, १ मीटर ९ सेंटिमीटरचे वळण. सगळे थोडे थोडे खोटे ठेवण्यापेक्षा थोडेच ठेवून ते खरे ठेवावे, असा हा निवाडा होता.

पण गाडी परत कशी यायची? ती दुसऱ्या कोपऱ्यात डोंगरामागे जाते आणि बोगद्यात ४४ सेंटिमीटरच्या वळणावर फिरते. डब्याच्या लांबीच्या तिप्पट त्रिज्या असली की गाडी बिनधोक जाते, असा या छंदातला ठोकताळा आहे. दिसते ते मोठे वळण, लपलेले ते लहान! माझ्या मनात आले, हा दंभ नव्हे काय? मी तसे विचारलेही. त्यांनी डोंगर उचलून बाजूला ठेवला. तो मुद्दाम सुटा केला होता. आतला रूळ बाहेरच्यापेक्षा चोख होता. प्रत्येक जोड घासून सपाट केलेला. "गाडी घसरली तर इथेच घसरणार, मास्तर. जिथे दिसत नाही, तिथे जास्त काम करावे लागते."

दंभ आणि मर्यादा यांतला भेद मला त्या सुट्या डोंगराने शिकवला. दांभिक माणूस आतली बाजू झाकतो, कारण तिथे त्याने काम केलेले नसते. हे गृहस्थ ती झाकतात, कारण खोली बारा फुटांची आहे. आणि कोणी विचारले तर झाकण उचलतात.

आणखी एक गोष्ट. सरळ रूळ संपला आणि वळण लागले, असे खऱ्या रेल्वेत होत नाही. मध्ये एक हळूहळू वाकत जाणारा तुकडा असतो. अमेरिकेचे जॉन आर्मस्ट्राँग यांचे छोट्या रेल्वेच्या आखणीवरचे पुस्तक १९६३ साली निघाले. गाडीला हिसका बसू नये म्हणून हा तुकडा घालावा, हा या आखणीतला जुना धडा आहे. तो आखायला यंत्र लागत नाही. आमच्या शेजाऱ्यांनी आकाशकंदिलाची कामटी घेतली, एक टोक सरळ रेषेवर दाबून धरले आणि दुसरे हलकेच वाकवले. कामटी स्वतःच ती रेषा दाखवते. तशीच, उलट दिशेची दोन वळणे एकमेकांना चिकटवू नयेत. मध्ये निदान एका डब्याएवढा सरळ रूळ असावा, नाहीतर डबे एकमेकांना ओढून पाडतात.

मी कादंबऱ्या लिहितो. आमच्या धंद्यात खलपुरुष शेवटच्या प्रकरणात एका रात्रीत सुधारतो. कागदावर गाडी पडत नाही, म्हणून आम्ही तो आवळलेला गोल लावतो. शाळेतही आम्ही मुलाला सोमवारी रागावतो आणि मंगळवारी तो बदललेला हवा असतो. माणसाला वळायला किती त्रिज्या लागते, हे आपण विचारीतच नाही. बोरघाटात १८६३ साली रेल्वे सुरू झाली, तेव्हा डोंगराने एका जागी वळायला वावच दिला नव्हता. तिथे गाडी थांबत असे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट तोंडाने पुढे जाई. १९२९ साली नवा मार्ग होईपर्यंत हे चालले. त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. जागा नसेल तर थांबावे, हेही एक प्रकारचे खरेपणच आहे.

नातवाचे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. आजोबांनी त्याला दुकानातला तो गोल आणून दिला आणि जमिनीवर मांडू दिला. त्याने त्यावर गाडी जितकी जोरात जाईल तितकी सोडली. मला वाटते, दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. पोराने कोणाला काही कबूल केलेले नव्हते. त्याचा तो दिवाळीचा किल्लाच होता. मोठे झाल्यावर माणूस कधीतरी एखादी गोष्ट 'खऱ्यासारखी करीन' म्हणतो, आणि मग त्याला जागा मोजावी लागते. ती जागा कमी पडते हे उघडच आहे. पण कमी जागेत काय ठेवायचे, हे तरी आपल्या हाती असते.