दर विचारलास, परवाना विचारलास का?

मान वर कर आणि ऐक. आईची मुदत ठेव मोडायला निघालास, ती आठवड्याला सहा टक्के देणाऱ्या सराफी दुकानात गुंतवायला! कारण काय, तर दुकान वातानुकूलित आहे आणि शेजाऱ्यांना हप्ते वेळेवर मिळतात. बी.कॉम. झालास ना? मग मांड हिशेब. आठवड्याला सहा, तर वर्षाला ३१२ टक्के, तेही चक्रवाढ न धरता. कोणत्या सरळ धंद्यात एवढा नफा सुटतो?

जानेवारी २०२५मध्ये दादरला टोरेस या दागिन्यांच्या दुकानापुढे पैसे अडकलेल्यांची गर्दी उसळली, ती एवढ्यात विसरलास? तिथेही झगमगाट होता. हिऱ्यासारखे दिसणारे मॉइसनाइटचे खडे हातात ठेवत होते, दर आठवड्याला पैसे येत होते. येणं थांबलं तेव्हा लोकांचे डोळे उघडले. नव्याच्या पैशातून जुन्याचा हप्ता भागवला जातो, म्हणून सुरुवातीचे हप्ते हा सचोटीचा पुरावा नव्हे. ‘ओळखीचे चार जण आणा, कमिशन घ्या’ असं तुला सांगितलंच असेल. म्हणजे तू स्वतः बुडणार आणि चौघांना बुडवणार!

भिंतीवर कंपनी नोंदणीचा दाखला टांगलाय म्हणतोस. नोंदणी वेगळी, लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी वेगळी. ती कोणी दिली, ते रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर शोध. बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाक आणि नाव कोणाचं निघतं ते बघ. दागिन्यावरचा हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपास. मग मालकाला तोंडावर विचार, ‘एवढा परतावा कुठून देता?’ खरा व्यापारी कागद काढून दाखवेल. जो चिडेल, विषय बदलेल किंवा ‘आजच भरा, उद्या योजना बंद’ म्हणेल, त्याच्या दुकानाची पायरी पुन्हा चढायची नाही.

विचारायला संकोच वाटतो म्हणे! आईची आयुष्यभराची पुंजी परक्याच्या हाती द्यायला संकोच वाटला नाही, आणि प्रश्न विचारायला वाटतो?

ठेव मोडायची नाही. आज संध्याकाळी शेजाऱ्यांकडे जा, नवा पैसा घालू नका म्हणून सांग. हप्ते अडले असतील तर पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत ताबडतोब तक्रार करायला लाव. ठेवीदारांच्या संरक्षणासाठीच्या महाराष्ट्राच्या १९९९च्या एमपीआयडी कायद्याने अशा फसवणाऱ्यांची मालमत्ता जप्त होते, पण लोक लाजेपोटी गप्प बसले तर जप्त करायला काही उरत नाही.