फळ एक, वाट कोणती?

नदीचा पूर पाहून वर डोंगरांत पाऊस झाला असें अनुमान करावें, तर न्यायसूत्रांतला पूर्वपक्षी आडवा येतो : बांध घातल्यानेंहि पाणी चढतें कीं ! त्यावर उत्तर असें कीं, पावसाच्या पुराचें रूपच निराळें. त्याला वेग असतो, फेंस असतो, त्यांतून पानें व काटक्या वाहत येतात. म्हणजे नीट पाहिल्यास दोन कारणांचें कार्य एक नसतेंच.

पण तें तंतोतंत एक असेल तर ?

इटलींतील कातानिया येथें हा प्रश्न प्रत्यक्ष उभा आहे. ऑक्सिजन-१८ च्या अणुगर्भांचा २७० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट शक्तीचा झोत कॅल्शियम-४० वर सोडला असतां क्वचित् निऑन-१८ व आर्गॉन-४० निपजतात. ही मोजणी २०१५ सालीं प्रसिद्ध झाली. वस्तुमानांक होते तसेच राहिले, दोन धनभार मात्र कॅल्शियमकडून ऑक्सिजनकडे गेले. याच्या वाटा मुख्यतः दोन. एक उघड देवघेवीची : प्रोटॉन इकडे यावेत, न्यूट्रॉन तिकडे जावेत. दुसरींत कोणीच घर सोडीत नाहीं; युकावांनीं १९३५ सालीं कल्पिलेल्या मेसॉनांच्या द्वारें केवळ भार पोंचतो, आणि जागच्या जागीं प्रोटॉनाचा न्यूट्रॉन होतो. फळ दोन्हींकडे तेंच.

हें नुसतें कुतूहल नव्हे. कातानियांतच जन्मलेल्या मायोरानांनीं १९३७ सालीं सुचविलें कीं, न्यूट्रिनो हा स्वतःचाच प्रतिकण असूं शकेल. तसें असल्यास कांहीं अणुगर्भांचा न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा-क्षय व्हावा; तो अद्याप निर्विवादपणें कोणास दिसलेला नाहीं. त्याचें गणित या टकरींवरून सुधारावें ही आशा मेसॉनाच्या वाटेवर उभी आहे. देवघेवीचें फळ तिच्या पदरीं घातलें तर साक्षच खोटी.

म्हणून तेथील संशोधक त्याच झोतानें, त्याच लक्ष्यावर, नुसती देवघेवहि वेगळी मोजतात; हाच त्यांचा फेंस, हींच पानें. मात्र वजाबाकीनें भागत नाहीं. पुंजयांत्रिकीच्या नियमानें दोन्ही वाटांच्या लहरी आधीं एकमेकींत मिळतात, मग फळ ठरतें. त्या परस्परांस वाढवितील किंवा खोडतील, आणि तो अंश कोणा एकीच्या नांवें लिहितां येत नाहीं.

देणगी देणारा दयेनें देतो कीं कीर्तीच्या हांवेनें, असें विचारून एकाच शब्दावर खूण करावी हा आपला हट्ट (आम्हां परीक्षकवर्गाचा तर विशेषच !). दोन्ही हेतु एकदम वर्तत असतील, एकाच्या जोरावर दुसरा चढत असेल, हें मनांत येत नाहीं. पण म्हणून प्रश्नच सोडावा हें मला मान्य नाहीं. कातानियांत तो कोणीं सोडलेला नाहीं. त्यांना एक सवलत आहे खरी : तीच टक्कर असंख्य वेळां घडवून कोनाकोनांतून पाहतां येते. माणसाचें तेंच दान दुसऱ्यांदां घडवून पाहतां येत नाहीं.