जाते, आज्ञावली आणि जीर्णोद्धार

नेल्सन गुडमन यांनी ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ (१९६८) या ग्रंथात केलेला भेद अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. चित्राची बनावट नक्कल संभवते, कवितेची संभवत नाही. कारण अक्षरक्रम तोच राहिला की प्रत्येक प्रत ही ती कविताच असते. संगणकाच्या पडद्यावर चालणाऱ्या कलाकृतीने हा भेद अडचणीत आणला. तिच्या आज्ञावलीचे अक्षरही बदलत नाही, आणि तरी कृती नाहीशी होते. कारण ती आज्ञावली चालवणारे यंत्र बदललेले असते. २०२० च्या अखेरीस फ्लॅशचा आधार काढून घेतला गेला तेव्हा असंख्य कृतींच्या फायली शाबूत राहिल्या, कृती मात्र थांबल्या. त्यांना पुन्हा चालते करायचे तर प्रोग्रामरला संहितेत हात घालावा लागतो. हा पेच वरकरणी तांत्रिक आहे. परंतु दुरुस्ती जितकी उत्तम तितकी ती अदृश्य होते, आणि अदृश्य हस्तक्षेपाची जबाबदारी कोणावर हा प्रश्न तंत्राचा नव्हे.

शू ली चेआंग यांची ‘ब्रँडन’ (१९९८–९९) ही न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने करवून घेतलेली पहिली महाजालीय कलाकृती. १९९३ मध्ये नेब्रास्कात खून झालेल्या ब्रँडन टीना या पारलिंगी तरुणाचे जीवन हा तिचा विषय. २०१६–१७ मध्ये तिचा जीर्णोद्धार झाला तेव्हा सुमारे ६५,००० ओळींची आज्ञावली तपासावी लागली. निकामी झालेली जावा ॲपलेट्स नव्या साधनांनी पुन्हा रचावी लागली. लक्षणीय गोष्ट अशी की, जुन्या ओळी पुसल्या गेल्या नाहीत. यंत्र ज्या वाचत नाही अशा शेऱ्यांच्या रूपात त्या जागच्या जागी ठेवल्या गेल्या. प्रेक्षकाला त्या दिसत नाहीत, अभ्यासकाला दिसतात.

मराठी वाचकाला येथे एकनाथांची आठवण होणे अपरिहार्य आहे. शके १५०६ मध्ये (१५८४) त्यांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि पुढे कोणी त्यात भर घालू नये अशी ताकीदही दिली. त्यांचा अधिकार निःसंशय. पण कोणता पाठ त्यांनी काढला आणि का, हे त्यांच्या प्रतीवरून कळण्याची सोय नाही. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून छापलेल्या प्रतीचा वाद इतका लांबला तो याच रिकाम्या जागेमुळे. शुद्धीकर्त्याने शेरे ठेवले असते तर आपल्या पाठचिकित्सेचा इतिहास वेगळा झाला असता. (आपल्याकडील देवळांच्या जीर्णोद्धाराविषयी न बोललेलेच बरे, तेथे तैलरंग हाच अखेरचा शेरा असतो.)

परंतु जिची आज्ञावली कधी लिहिलीच गेली नाही, त्या कृतीचे काय? जात्यावरची ओवी ही नेमक्या अर्थाने यंत्रावर चालणारी कृती होती. तिची लय खुंट्यावरच्या हाताने आणि दगडाच्या फेऱ्याने ठरे. बाया जिला ‘गळा’ म्हणत ती चाल त्या फेऱ्यात बसवलेली असे. पिठाची गिरणी आली आणि शब्द शाबूत असतानाच कृती थांबली. हेमा राईरकर व गी प्वातव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या उतरवल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने ध्वनिमुद्रणे झाली, संगणकीय संचयिका उभी राहिली. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण संग्रहाने ती पुन्हा लोकांसमोर आणली. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या, सीतेच्या वनवासाच्या ओव्या त्यांत आहेत. संहितेत गाळली जाणारी पुनरावृत्ती, मध्येच घेतलेला श्वास, ओढलेला ‘बाई’ हे सारे तेथे ऐकू येते. छापील गाथेतल्या जनाबाईला हे भाग्य लाभले नाही. तिच्या गंगाखेडची परंपरा विठ्ठलाला दळायला बसवते, पण त्या जात्याचा आवाज कागदावर नाही.

येथे ‘ब्रँडन’चा न्याय अपुरा पडतो. जुना ब्राउझर पुन्हा उभा केला तर कोणाचे काही बिघडत नाही. जाते पुन्हा फिरवायचे म्हणजे पहाटेच्या अंधारातले, बिनमोलाचे, स्त्रीच्याच वाट्याला आलेले कष्ट पुन्हा आणायचे. गिरणीने दळण सोपे केले याचा शोक त्या बायांनी करावा अशी अपेक्षा आपण कोणत्या अधिकाराने धरणार? जीर्णोद्धाराच्या सिद्धान्तात मूळ परिस्थितीची ओढ नेहमीच निरागस मानली जाते. ती निरागस नाही. काही कृतींचे यंत्र मोडले हे योग्यच झाले, आणि त्यांची अपूर्णता भरून काढण्याचा आग्रह हा आस्वादकाचा स्वार्थ ठरू शकतो. याचा अर्थ कृतीला केवळ शब्दांत उरू द्यावे असा नव्हे. यंत्र कोणाच्या अंगावर चालत होते याची नोंद कृतीला चिकटून राहिली पाहिजे.

म्हणूनच त्या संचयिकेतील एक रूक्ष वाटणारी गोष्ट मला तिच्या ध्वनीइतकीच मोलाची वाटते. ओव्यांखाली गाणारीचे नाव, गाव, तालुका, जात, वय, मुले आणि व्यवसाय क्रमाने दिलेले असतात.